नदीपलीकडचा पाढा

"तुमच्या खात्यातल्या गमती लिहा, दिवाळी अंकाला खुसखुशीत मजकूर हवा," असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी खिडकीत बसून पिंजाऱ्याची वाट पाहत होतो. थंडीच्या आत गादी पिंजून घ्यायची होती, दुसरं काही नाही. नंदुरबारला आमच्या गल्लीत तो याच दिवसांत येतो. खांद्यावरच्या लांबलचक पिंजणाची तात छेडत येतो, त्यामुळे हाक मारायची गरज पडत नाही. संपादकांना मी हो म्हटलं खरं, पण खुसखुशीत काही माझ्या हातून होईलसं वाटत नाही. चकली बिघडली तर संपादकांनी समजून घ्यावं.

मी शाळांचा असिस्टंट डेप्युटी होतो. एवढं लांबलचक नाव खेड्यात कोण घेतो? सगळा पश्चिम खानदेश मला 'दिपोटी' म्हणायचा. कामाचं स्वरूप सोपं. नेमून दिलेल्या तालुक्यांतल्या बोर्डाच्या शाळा वर्षाकाठी तपासायच्या, मुलांना चार प्रश्न विचारायचे, शुद्धलेखन घालायचं, तोंडी हिशेब घ्यायचे, शेरेबुकात शेरा लिहायचा आणि धुळ्याला बोर्डाच्या कचेरीत अहवाल पाठवायचा. कोणती शाळा कोणत्या शाळेहून बरी, हे ठरवण्याचा मला पगार मिळे. सोनार कसाला सोनं लावतो तशा मी शाळा लावायचो. फरक इतकाच, की सोनाराच्या हातात सोनं तरी येतं.

माझ्या हाती काय यायचं? दिपोटी येणार ही बातमी माझ्या बैलगाडीच्या आधी गावात पोचलेली असे. मी वेशीत शिरलो की झाडावरून एखादं पोरगं ओरडे, "दिपोटी उना! दिपोटी उना!" मग सारवलेली जमीन, तेल चोपडलेली डोकी, भिंतीवर शेजारच्या गावाहून उसना आणलेला नकाशा. एकदा तर नकाशाच काय, पोरंही उसनी निघाली. सकाळी एका गावात गंगेचा उगम सांगणारा तिरळा मुलगा दुपारी दुसऱ्या गावात मला पुन्हा गंगेचा उगम सांगू लागला. मी म्हटलं, "बाळ, तू दमला असशील, बस." तो बसला. मास्तर मात्र घामाने निथळत उभे राहिले.

हेच माझ्या नोकरीचं मुख्य दुःख होतं, आज स्पष्ट सांगतो. माझ्यासमोर कोणी बसत नसे. मी आलो की सगळे उभे. मुलं उभी, मास्तर उभे, गावचे पाटील आले तर तेही उभे. पाहुणचार घ्यायचा नाही असा खात्याचा दंडक, म्हणून चावडीवर किंवा धर्मशाळेत उतरायचं आणि आपल्या हाताने खिचडी शिजवायची. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, मूलबाळ नव्हतं. मूळचा मी नगरकडचा, म्हणजे इथली अहिराणीही मला पहिली काही वर्षं परकीच. खांडबाऱ्याच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलो की वाटायचं, या एवढ्या मुलखात मला सगळे ओळखतात, आणि बोलायला एक माणूस नाही.

आता ज्या दोन शाळांबद्दल लिहायचं आहे त्यांची गावं म्हसावदपासून बैलगाडीने जेमतेम अर्ध्या सकाळच्या वाटेवर. नावं मुद्दाम देत नाही. मध्ये सातपुड्यातून उतरलेली एक नदी, तिच्या एका काठाला एक गाव, समोरच्या काठाला दुसरं. आपण त्यांना अलीकडलं आणि पलीकडलं म्हणू. दोन्हीकडे चौथीपर्यंतच्या शाळा.

अलीकडल्या शाळेचे हेडमास्तर आत्माराम गुरुजी. तापीकाठच्या चांगल्या शेतकरी घरातले, उंच, आवाज असा की कविता म्हणू लागले तर रस्त्यावरचा गाडीवान बैल थांबवील. पलीकडल्या शाळेचे रसूल गुरुजी. घराणं पिंजाऱ्याचं, वडील नंदुरबारात कापूस पिंजत. माणूस ठेंगणा, अबोल, पण तोंडी हिशेबात मी त्यांच्यासारखा मास्तर पाहिला नाही. दोघे धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजात एका खोलीत राहिलेले.

या दोन्ही शाळा तालुक्यात सगळ्यांत चांगल्या होत्या, आणि सारख्याच चांगल्या होत्या. मला याचं नवल वाटे. शाळा मास्तरावर जाते. कवितेचा मास्तर असला की हिशेब लंगडा, हिशेबाचा असला की वाचन लंगडं. इथे दोन्हीकडे दोन्ही पाय धड. आणि आणखी एक. दोन्ही शाळांत पाढे म्हणायची चाल एकच. दुसरीकडे कुठे न ऐकलेली. एक ठोका, मग लगेच एक थरथरता लांबवलेला सूर.

उलगडा झाला तो माझ्या गाडीचा आस मोडल्यामुळे. तळोद्याकडे निघालो होतो, वाटेत आस मोडला, आणि दुसरीकडे जाता येईना म्हणून आगाऊ न कळवता अलीकडल्या गावात चालत शिरलो. शाळेच्या दारात उभा राहिलो तर आत फळ्यापाशी रसूल गुरुजी! आणि आत्माराम गुरुजींचा पत्ता नाही.

रसूल गुरुजींच्या हातातला खडू गळून पडला.

आठवड्यातून एक दिवस, गुरुवारी, हे दोघे शाळा बदलत. रसूल गुरुजी नदी ओलांडून अलीकडे यायचे आणि हिशेब घ्यायचे. आत्माराम गुरुजी पलीकडे जाऊन वाचन, कविता आणि भूगोल घ्यायचे. नियमाप्रमाणे हा गुन्हा. परवानगीवाचून शाळा सोडल्याबद्दल दोघांचाही पगार कापता आला असता. मी नियमाचा माणूस होतो. पण त्या दिवशी मला आधी हसू आलं, आणि ते कितीतरी दिवसांनी आलं होतं.

"चालू द्या," मी म्हटलं, "मी अजून आलेलो नाही. माझी गाडी मोडली आहे."

शाळा सुटायच्या वेळी दोन्हीकडची मुलं आपापल्या काठावर जमली. हिवाळ्याचे दिवस, मध्ये घोटाभर पाणी. पलीकडून मुलांनी हाक घातली, "सात एकेऽ!" अलीकडच्यांनी उत्तर दिलं, "सातऽ!" "सात दुणेऽ!" "चौदाऽ!" पलीकडचे नेहमी विचारणार, अलीकडचे नेहमी सांगणार, असा रिवाज पडून गेला होता. गुरुवारी शाळा अशी सुटायची. चाल कुठली, हे मी रसूल गुरुजींना विचारलं. ते लाजले. म्हणाले, "बाबांच्या पिंजणाची, साहेब. आधी ठोका, मग तात वाजते. मी त्या आवाजावरच पाढे शिकलो."

मग आत्माराम गुरुजी पाण्यातून परत आले, मला पाहून त्यांचाही चेहरा पडला, आणि सगळं कळल्यावर खुलला. गुरुवारच्या दोघांच्या जेवणासाठी नदीच्या वाळूत वांगी भाजून ठेवलेली होती. भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मी नेहमीप्रमाणे दंडक सांगायला तोंड उघडलं, तर एरवी अबोल असणारे रसूल गुरुजी म्हणाले, "बसा साहेब. भाकर खातांना कोनी साहेब नही ऱ्हास."

मी बसलो. आणि ते दोघेही माझ्यासमोर बसले. भरीत तिखटजाळ होतं, डोळ्यांतून पाणी आलं ते त्यामुळेच असं मी त्यांना सांगितलं. पुढे दोन-तीन वर्षं माझी गाडी त्या भागात बहुधा गुरुवारीच मोडत असे.

मग बोर्डाने ठरवलं, की त्या भागात एक शाळा सातवीपर्यंत वाढवायची. बाहेरच्या वाचकाला याचं मोल कळायचं नाही. चौथीनंतर शिकायचं तर पोराला म्हसावद नाहीतर शहाद्याला नातेवाइकाच्या दारी ठेवावं लागे. ज्याला नातेवाईक नाही त्याची शाळा सुटली. सातवीची 'फायनल' झाली की मुलगा तलाठी होई, मास्तर होई. त्यामुळे वरचे वर्ग ज्या गावाला मिळतील त्याचं नशीब उघडणार. आणि मिळणार एकालाच. कोणाला, ते दोन्ही शाळा ताडून पाहून मी सांगायचं होतं.

बातमी फुटली आणि दोन्ही गावांत वारं भरलं. अलीकडल्यांनी शाळेला नवी कौलं घातली, पलीकडल्यांनी ओटा बांधला. एवढ्यावर थांबतं तर बरं होतं. पलीकडच्या एका म्हाताऱ्याने रसूल गुरुजींना भर चावडीवर सुनावलं, "मास्तर, तू त्यास्ना पोरेस्ले हिशोब शिकाडशी, अन् साळा त्या लई जातीन. मंग आपन काय टाळ्या वाजाडूत?" अलीकडेही आत्माराम गुरुजींना हेच ऐकवण्यात आलं, फक्त हिशेबाच्या जागी कविता. गावात राहायचं म्हणजे गावाचं ऐकायचं. गुरुवारचं येणं-जाणं बंद झालं. काठावरचा पाढाही बंद झाला.

मी तपासणीला गेलो तो काही महिन्यांनी. पहिल्यांदा अलीकडे. मुलांनी वाचन असं केलं की ऐकत राहावं. मग मी पावणेदोन रुपये शेर तुपाचा तोंडी हिशेब घातला, आणि सगळा वर्ग कौलांकडे पाहू लागला. नवी कौलं होती, पण उत्तर तिथे लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पलीकडे गेलो. तोच हिशेब मुलांनी माझं वाक्य संपायच्या आत सोडवला, आणि चार ओळी वाचताना ठेचाळली. दोन्ही शाळांच्या गुणांची बेरीज मी केली, ती जवळपास सारखीच आली. दोन चांगल्या शाळांच्या दोन अर्ध्या शाळा झाल्या होत्या आणि मी त्यांत मोठी कोणती हे शोधत होतो.

मी निघताना आत्माराम गुरुजी गाडीपर्यंत आले. शाळेत ते माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलत, पण तिथे कोणी नव्हतं. हळूच म्हणाले, "साहेब, रसूलनी साळा कशी शे?" आपल्या शाळेबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. पलीकडेही तेच. रसूल गुरुजी गाडीच्या चाकाकडे बघत म्हणाले, "मन्हा पोरे वाचतांना अडखळतस, माले माहीत शे. आत्माराम उना ते महिनामा सुधरतीन."

त्या संध्याकाळी म्हसावदच्या धर्मशाळेत मी खिचडी चुलीवरच करपवली आणि अहवाल लिहिला. आयुष्यात इतका मनापासून अहवाल मी कधी लिहिला नव्हता. लिहिलं की या दोन शाळा वेगळ्या करून तपासताच येत नाहीत. वरचे वर्ग अलीकडल्या गावी द्यावेत, कारण तिथे जागा आहे आणि गाडीरस्ता आहे. पण रसूल गुरुजींना वरच्या वर्गांच्या हिशेबासाठी तिथेच आणावं. दोघे एका छपराखाली आले तर जिल्ह्यात अशी शाळा नसेल. पलीकडची मुलं नदी ओलांडून येतील, गुरुजी ओलांडतच होते. लिहून झालं तेव्हा मी स्वतःवर खूष होतो. पुन्हा भरीत मिळेल असंही मनात आलं, खोटं कशाला सांगू?

बोर्डाने माझी सूचना अर्धी मान्य केली. सरकारदरबारी सूचना फेटाळली गेलेली परवडते. अर्धी मान्य झाली की ती कोणाची म्हणून ओळखू येत नाही आणि तिच्यावर सही मात्र आपली असते. वरचे वर्ग अलीकडल्या गावाला मिळाले. पलीकडची मुलं आता तिकडे जाणार, तेव्हा पलीकडे अनुभवी मास्तर कशाला हवा, असा कचेरीत कोणीतरी हिशेब केला. डोंगरात मास्तर टिकत नव्हते, तिथे जागा रिकामी होती. रसूल गुरुजींची बदली मोलगीच्याही पलीकडच्या एका पाड्यावर झाली. अलीकडे हिशेबाला धुळ्याहून एक नवा, ट्रेनिंग झालेला मास्तर आला.

मी धुळ्याला दोन खेटे घातले. बोर्डाच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शांतपणे नाही म्हटलं. पुढच्या तपासणीला अलीकडे गेलो तेव्हा सातवीपर्यंतची शाळा गजबजलेली होती, गावाने दाराला आंब्याचं तोरण बांधलं होतं. आत्माराम गुरुजी उभे होते. तपासणी संपल्यावर मी त्यांना म्हटलं, "बसा ना गुरुजी."

"नको साहेब," ते पुस्तकी मराठीत म्हणाले, "आपण बसावं."

पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, निदान दोन वाक्यं बोलणं झालं असतं. रसूल गुरुजींचं नाव आम्हा दोघांत निघालं नाही.

मग डोंगरातल्या शाळा माझ्याकडे आल्या. मोलगीचा बाजार ओलांडून, हमालाच्या डोक्यावर वळकटी देऊन, दिवसभर चढउतार करत मी त्या पाड्यावर पोचलो. कुडाची झोपडी, तीच शाळा. रसूल गुरुजींची दाढी पिकली होती. मुलांशी ते भिलीत बोलत होते. वर्षानुवर्षं त्यांच्याशी बोलायला दुसरं कोण होतं? बायकोमुलं नंदुरबारला ठेवलेली. मला पाहून ते इतके घाईने उभे राहिले की हातातली पाटी पडली. मी लगेच तपासणी सुरू केली.

"पाढे म्हणून घ्या," मी म्हटलं.

गुरुजींनी कुडाच्या खांबावर बोटांनी ठोका दिला. मुलं म्हणाली, "सात एकेऽ!" आणि थांबली. सगळी झोपडी गप्प. पुन्हा ठोका. "सात दुणेऽ!" पुन्हा गप्प. असं "सात दाहेऽ" पर्यंत गेलं. ते मधलं गप्प राहणं मला ऐकवेना.

"गुरुजी, उत्तरं येत नाहीत का त्यांना?"

"येतात साहेब." त्यांनी एका मुलीला उभं केलं. "सात आठी?" मुलगी म्हणाली, "छप्पन्न." आणखी चौघांना विचारलं, चौघांनीही बरोबर सांगितलं. मग गुरुजी खाली बघत म्हणाले, "उत्तर मनमा म्हनतस, साहेब. मी त्यास्ले अशीच सवय लावी. आम्ही नेहमी इचारेत. उत्तर सांगानं काम त्या काठनं व्हतं."

शेरेबुकात मी लिहिलं, पाढे उत्तम. दुसरं काय लिहिणार? संध्याकाळी त्यांनी मला हट्टाने जेवायला ठेवलं. आम्ही समोरासमोर बसलो, पण मध्ये एक जागा रिकामी आहे हे दोघांनाही दिसत होतं. निघताना त्यांनी मला काही निरोप दिला नाही. फक्त विचारलं, "तठे वरना वर्ग चांगला चालतस ना?" मी म्हटलं, चांगले चालतात. ते म्हणाले, "बरं व्हयनं."

त्याच थंडीत अलीकडल्या शाळेची तपासणी आली. मी व्हरांड्यात होतो, आत खालच्या वर्गाचे पाढे चालू होते. ठोका, मग गप्प, मग "सातऽ!" ठोका, मग गप्प, मग "चौदाऽ!" नवे मास्तर ओशाळून माझ्याकडे आले. "साहेब, मी यांना सांगून थकलो, पण हेडमास्तरांनी लावलेली ही खोड. नुसती उत्तरंच म्हणतात, प्रश्न म्हणतच नाहीत."

मी तिथेच खांबाला धरून उभा राहिलो. एक अर्धा पाढा डोंगरात आणि एक अर्धा इथे, मधे पायी चालून दिवस मोडावेत एवढं अंतर, आणि त्या दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याचं ठाऊक नाही. दोन्ही अर्धे ऐकलेला माणूस साऱ्या मुलखात मी एकटा. शाळा ताडून पाहायचा मला पगार मिळत होता, आणि त्या दिवशी मला तो पहिल्यांदा कमावल्यासारखा वाटला. रडूही आलं.

शाळा सुटल्यावर मी आत्माराम गुरुजींच्या खोलीत गेलो. ते उठले. मी दार लोटलं आणि म्हटलं, "मी डोंगरातून आलो. रसूल गुरुजींच्या शाळेत मुलं पाढे म्हणतात. नुसते प्रश्न म्हणतात आणि थांबतात."

आत्माराम गुरुजींची पुस्तकी मराठी गेली. "तो एकलाच शे का तठे?"

"एकटाच."

"कसं म्हनतस तठला पोरे? माले म्हनी दखाडा ना, साहेब."

दिपोटी साहेबाने कधी कोणाला पाढा म्हणून दाखवला नव्हता. माझा आवाज फाटका. मी टेबलावर बोटांनी ठोका दिला आणि म्हटलं, "सात एके." थांबलो. आत्माराम गुरुजींचे ओठ हलले. "सात," ते म्हणाले, आणि समोरची खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. मी पुढे गेलो, ते सांगत गेले. सत्तरपर्यंत आलो तेव्हा त्यांचा तो मोठा आवाज पार बसला होता.

पेन्शन घेऊन मी इथे राहिलो, कारण जायला दुसरं गाव नव्हतं. रसूल गुरुजी डोंगरातच हिवतापाने गेले, आत्माराम गुरुजी त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. दोघांची भेट पुन्हा झाली नाही. आज पिंजारी आला. अंगणात त्याने माझी गादी उसवली आणि तातीवर ठोका दिला. मी खिडकीतून म्हटलं, "सात एके," आणि थांबलो. पिंजाऱ्याने मान वर करून पाहिलं, म्हातारा काहीतरी पुटपुटतोय असं त्याला वाटलं असावं, आणि तो पुन्हा कापूस पिंजू लागला.